अक्षरामागे दोन रुपये

काळाचौकीला, छेडाशेठच्या भांड्यांच्या दुकानात
दाराजवळच्या स्टुलावर मी बसतो.
हातात नाव घालायचं मशीन,
दातांच्या डॉक्टरकडे असतं तसं करवादणारं.
वाट्या, तांबे, बारशाचे पेले.
अक्षरामागे दोन रुपये,
काना-मात्रा फुकट,
जोडाक्षराला एकच धरतो, भांडू नका.

चिठ्ठी आली की आधी नाव वाचतो,
मग माणसाकडे बघतो.
बहुतेक वेळा बघावं लागत नाही.

'संघमित्रा' म्हटलं की नायगावची बी.डी.डी. चाळ,
आणि भिंतीवर कोणाची तसबीर, तेही सांगेन.
'संग्राम' आणि 'क्रांती', सख्खी भावंडं :
बाप गिरणीत होता, संपानंतर कुठेच नव्हता.
'अथर्व'च्या पाठीवर 'ऋग्वेद' आला
तेव्हा मी तिसऱ्याची वाट बघितली,
पण ते लोक दोनांवर थांबतात.
एका वर्षी सतरा 'श्रावणी' घातल्या.
तेव्हा कुठली मालिका चालू होती
ते शेठच्या बायकोला विचारा.

रियांश, कियांश, विआंश
यांचं मात्र काही सांगता येत नाही.
हे सगळे एकाच लिफ्टमधून उतरतात.

एकाला ज्योतिषाने सांगितलेलं,
मुलीच्या नावात एक 'ए' वाढवा.
म्हटलं, वाढवतो, पण मराठीत कुठे?
दोघंही बराच वेळ वाटीकडे बघत राहिलो.

आणि एकदा 'समाप्ती'.
चौथी मुलगी.
बाप सुटे पैसे मोजत होता,
आई रस्त्याकडे तोंड करून उभी.
जोडाक्षर येईपर्यंत
माझा हात नीट चालला.

चुकतोही.
'रूबेन' वाचलं आणि म्हटलं,
माझगाव ना? रविवारी चर्च?
बाई म्हणाली, "पेणकर आम्ही. शनिवार पाळतो.
आजोबांची तेलाची घाणी रेवदंड्याला."
पुढे अर्धा तास तिने मला
माझ्याच कोकणातलं सांगितलं, जे मला माहीत नव्हतं.
रूबेन पेणकर, सात अक्षरं, चौदा रुपये,
शिकवणी फुकट.

परवाची मात्र
नवीन टॉवरमधलीच. गाडीची चावी बोटात फिरवत,
चष्मा डोक्यावर.
नाव : 'कायरा'.
झालं, म्हटलं, लिफ्ट.
मी स्टीलच्या वाटीसाठी हात पुढे केला,
तर तिने पिशवीतून पितळी पेला काढला,
कल्हई उडालेला, काठाला पोचा.
बुडाशी छिन्नीने ठोकलेलं
मशीनच्या आधीचं अक्षर :
धोंडाबाई रामा भेकरे, खोली ४१.

"हिच्या खाली घाला," ती म्हणाली.
"पणजीचा पेला आहे. टॉवर उभा आहे ना,
तिथेच होती ती खोली. साधारण पार्किंगमध्ये."

पितळेवर मशीन घसरतं.
सावकाश घालत होतो.
ती वाकून बघत होती,
धोंडाबाईतला 'ढ' नाही, 'ध' आहे ना, असं
उगाच काहीतरी बोलत.
मग म्हणाली, "तुमचं नाव काय, काका?"

लोक हसतात म्हणून मी
गिऱ्हाइकाला सहसा आडनाव सांगतो.
त्या दिवशी तोंडून गेलं :
केरबा.

ती हसली नाही.
चावी फिरवायची थांबली.
पेल्यावरच्या जुन्या नावावर बोट ठेवून
हळूच म्हणाली,
"आधीचे किती गेले?"

पन्नास वर्षांत हे मला
कोणी विचारलं नव्हतं.
केरात ठेवून, सूपभर जोंधळ्यावर
शेजारणीकडून परत विकत घेतलेलं पोर मी,
हे तिने तीन अक्षरांत वाचलं.

"दोन," मी म्हटलं.
"त्यांना नावं होती. चांगली होती."

सहा रुपये झाले.
तिने दहाची नोट दिली.
सुटे शोधायला मी गल्ल्याकडे वळलो
आणि मशीन बंद करायचं विसरलो.